स्टीलच्या टाकीतलं लोणी

समोर दोन ग्लास होते, दोन्हींत शार्डोने ही पांढरी वाइन. द्राक्षं एकाच मळ्यातली, एकाच तोडणीची. कुठली वाइन कशात ठेवली होती आणि चवी वेगळ्या का, एवढंच लिहायचं होतं. एस्प्लनेडजवळच्या आमच्या हॉटेलात वाइन विभागात एकच जागा निघाली होती आणि ती मला हवीच होती. बँक्वेटमध्ये पाण्याचे जग भरून भरून मी विटले होते.

पहिला ग्लास सोपा होता. हिरवं सफरचंद, लिंबू, दात आंबतील अशी धार. म्हणजे स्टीलची टाकी. दुसरा नाकाशी नेला तर चक्क लोण्याचा वास. घोट तोंडात घोळवून थुंकला. मऊ, साईसारखा. लोणी म्हणजे ओकच्या लाकडाचं पिंप, असं माझं पाठांतर. ठोकून दिलं, 'ओक'.

शिकवणाऱ्या बंगाली मॅडमनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "काठ कोथाय पेले?" लाकूड कुठे सापडलं तुला?

"वासात. लोणी येतंय ना, मॅडम! बाटली दाखवा."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माघार घ्यायची मला सवय नाही.

त्यांनी दोन्ही बाटल्यांवरची फडकी काढली. दोन्हींवर तेच छापलेलं : अनओक्ड. मी परत वाचलं. मग परत.

"लाकूड बघितलंच नाही या वाइननं," मॅडम म्हणाल्या. "पहिलीतलं सफरचंदाचं मॅलिक आम्ल तसंच राखलंय. दुसरीत जिवाणू सोडून त्याचं लॅक्टिक करून घेतलं, आणि तळाचा गाळ ढवळत राहिले. लोणी त्या जिवाणूंचं. टाकी दोन्हींना स्टीलचीच."

मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. लॅक्टिक जिवाणूंवर आकृत्यांसकट पानंच्या पानं लिहून पहिला वर्ग काढलेली. ती जागा त्याच दिवशी दुसऱ्या मुलीला मिळाली.

घरी आबा, माझे वडील, जेवायला बसले होते. सांगलीकडून येऊन सियालदहजवळ सोनं-चांदी गाळण्याचं काम करत त्यांनी मला शिकवलं. या नोकरीला त्यांची एकच अट होती, घोट गिळायचा नाही. मी नापास झाल्याचं सांगून टाकलं.

"नापास? तू?" त्यांचा घास हातातच राहिला. "कशात?"

मी सगळं सांगितलं. आम्ल, जिवाणू, लोणी.

"अगं, म्हणजे दारूला विरजण लावतात?"

"हो," मी म्हटलं.

"मग तेवढंच लिहायचं होतंस की!"

"सुचलं नाही, आबा."

"सुचलं नाही म्हणते!" आई आतून ओरडली. "अहो, आपल्याकडे रोजचं विरजण हीच तर लावते!"