काकांपासून जपलेलं नाणं

गल्लीत त्यांना सगळे चकाचककाका म्हणत, आणि हे नाव त्यांना स्वतःच्या खऱ्या नावापेक्षा जास्त आवडे. त्यांचं पॉलिशचं दुकान होतं. दाराच्या पितळी मुठी, शर्यतींचे कप, हॉटेलातले जिन्याचे कठडे, काळवंडलेलं काहीही आणून टाका. काका ते फिरत्या चाकाला लावणार, वरून मऊ फडक्याने हात फिरवणार आणि संध्याकाळी तुमचंच तोंड त्यात दिसेल असं करून परत देणार. मळकट धातू दिसला की त्यांचे हात शिवशिवत. एकदा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्यांनी रुमालाने डॉक्टरांच्या नावाची पाटी घासून लख्ख केली होती. डॉक्टर खूश झाले, काकू मात्र लाजून अर्ध्या झाल्या.

आता अशा माणसाला नाद कसला लागावा? तर जुन्या नाण्यांचा! आणि जुन्या नाण्यांचा पहिला नियमच हा, की ती पुसायची नाहीत.

काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. आधीची दोन नाणी त्यांनी 'जरा धूळ झटकतो' म्हणत आरशासारखी करून टाकली आणि वर मोठ्या ऐटीत नाणेवाल्याला दाखवायला नेली. नाणेवाल्याने कपाळाला हात लावला.

"अहो, तो मळ नव्हता. नाण्याची कातडी होती ती. तुम्ही सोलून काढलंत त्याला!"

त्या दिवशी काका जेवले नाहीत.

म्हणून जहाजाचं नाणं घ्यायची वेळ आली तेव्हा नाणेवाल्याने आधीच बजावलं. चांदीचं होतं ते, मधोमध शिडांचं जहाज, आणि कडेने निळी-जांभळी झाक. काका कित्येक वर्षं दुकानाच्या काचेला नाक लावून ते बघत आले होते. "देतो," नाणेवाला म्हणाला, "पण हे पुसलंत तर पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही. बोटं फक्त कडेला लावायची. या कागदी पाकिटात ठेवायचं, कोरड्या जागी. आणि एक दिवस मी घरी येऊन बघणार."

काका घरी आले ते थेट काकूंसमोर उभे राहिले. जित्याची खोड त्यांना चांगली ठाऊक होती.

"हे तू ठेव. कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"पाया पडलात तरी?"

"तरी नाही."

काकूंना नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवरा पुरता कळत होता. त्यांनी घरभर जागा शोधली. स्वयंपाकघरात वाफ, न्हाणीघराच्या भिंतीला ओल. शेवटी शिलाई मशीनचा खण पक्का झाला. पाकीट सहज उघडता येऊ नये म्हणून त्यांनी वरून जाड रबर गच्च गुंडाळलं, आणि त्याला असा पीळ दिला की कोणी हात लावला तर लगेच कळावं. कोणी म्हणजे कोण, ते सांगायला नकोच.

मग काकांची नाटकं सुरू झाली.

"डोकं ठणकतंय गं. जरा नाणं बघितलं तर बरं वाटेल."

"गोळी घ्या."

"स्वप्नात आलं होतं. काळं पडलेलं दिसलं."

"मग आज परत झोपा, गोरं दिसेल."

काका चिडायचे, कुरकुरायचे, पण मनातून निर्धास्त होते. आपल्या हातांवर नसला तरी बायकोवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. असा सगळा हिवाळा गेला.

आणि नाणेवाल्याचा निरोप आला: दुपारी चहाला येतोय, नाणं बघायला.

काकूंनी सकाळीच पाकीट काढलं. पीळ जसाच्या तसा होता. त्यांनी तो काकांना अभिमानाने दाखवला, रबर सोडलं आणि नाणं कडेने धरून बाहेर काढलं. जहाजावरून आडवा एक काळाकुट्ट पट्टा गेला होता. बरोबर रबराच्या रुंदीचा.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. चांदीला रबर असं काळं करतं, आणि कागदातूनही करतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"माझ्याच हातून झालं हो," त्या म्हणाल्या. "पुसा ना. तुम्हाला काय, एका हातात निघेल. त्यांना कळणारही नाही."

फडकं खांद्यावरच होतं. काकांनी ते हातात घेतलंही. इतके महिने ज्या परवानगीसाठी डोकं दुखवून घेतलं ती आज आपल्या पायांनी चालत आली होती, आणि तो पट्टा खरोखरच एका हातात निघाला असता. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "माझ्यापासून वाचवायला लावलंस ना ते रबर? मग त्याचा डाग मी कुठल्या तोंडाने पुसू?"

दुपारी नाणेवाला आला. नाणं उजेडात धरून त्याने भिंग लावलं.

"हे काय झालं?"

"रबर," काका म्हणाले. "मी लावलं."

"खोटं बोलतायत," काकू चहाचा ट्रे घेऊन दारातूनच म्हणाल्या. "मी लावलं."

नाणेवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"पण पुसलं नाहीत," तो काकांना म्हणाला.

"नाही."

"रबर मात्र आता लांब ठेवा." त्याने नाणं कडेने फिरवलं. "ही निळी झाक आहे ना, ती तरी कुठून आली? असंच कोणीतरी कधीतरी जपून ठेवलेलं असणार, कशात तरी गुंडाळून."

काकूंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या जहाज बघायला पहिल्यांदाच खाली वाकल्या. काका सरकले, आणि त्यांनी काकूंसाठी उजेडाकडची जागा करून दिली.