आळशी पायाचे मामा

माझ्या आईच्या मामेभावाइतका धडधाकट माणूस अख्ख्या जळकोटात नव्हता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय शेवग्याच्या शेंगेसारखा वाळून गेला होता, पण कुणी तो विषय काढला की मामा शांतपणे सांगत, "त्यो पाय अधू न्हाई, जरा आळशी हाय." विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कमरेला दोर बांधून ते हातांच्या जोरावर विहिरीत उतरत आणि काठावर उभ्या असलेल्या दोन पायांच्या माणसांना खालून शिव्या घालत. लग्नाच्या पंगतीत वाढायलाही सगळ्यांत आधी तेच उठत. वरणाची बादली घेऊन ते डुलत आले, की जेवणारे आपापली धोतरं सावरून बसत.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. पाणीच नाही, तिथं मोटार कोण दुरुस्त करून घेणार? तेव्हा मामी त्यांना घेऊन लातूरला माझ्या खोलीवर आल्या. अपंगांना सरकारी पगार मिळतो, त्यासाठी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला लागतो, असं त्यांनी ऐकलं होतं. मामा मला म्हणाले, "नवा जिल्हा बघायला आलोय. हिचं काही ऐकू नको."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना दवाखान्यात नेलं. रांगेतल्या एका लुळ्या म्हाताऱ्याला मामांनी अशा थाटात आत पोचवलं, की डॉक्टर त्यांनाच म्हणाले, "नातेवाइकांनी बाहेर थांबा." मग मामांचा नंबर आला.

"जिना चढता येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"पळत."

"ओझं उचलता?"

"मोटार उचलतो, साहेब."

"मग दाखला कशाला पाहिजे तुम्हाला?"

मामांनी मान डोलावली. त्यांना हे अगदी पटलं होतं. ते उठूही लागले, तेवढ्यात मामी पदर सावरत पुढं झाल्या.

"साहेब, हे खोटं बोलायलेत. सकाळी भिंत धरून मोरीपर्यंत जातेत. रात्री पाय लई ठणकतो. मला झोप लागली असं ह्यांना वाटलं, की मग कण्हतेत."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी पाय तपासला आणि दाखला लिहिला. बाहेर व्हरांड्यात मामा थांबले आणि हळूच म्हणाले, "तू जागी असतीस?"

"मग."

पुढं पगार सुरू झाला, पाऊस पडला, मामा पुन्हा विहिरीत उतरू लागले आणि शिव्याही पूर्वीसारख्याच घालू लागले. पण त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो, की पहाटे माजघरातून त्यांचं कण्हणं मोकळेपणानं ऐकू यायचं. पाठोपाठ मामींचा आवाज यायचा, "थांबा, तेल गरम करते." मी गोधडीत तसाच पडून राही. थोड्या वेळानं तिकडं दोघं कसल्यातरी साध्याच गोष्टीवरून बोलायला लागलेले असत.