जनूदादांचा शनिवारचा डबा

शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास जनूदादा माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवायचे, झाकण काढायचे आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीशी उभे राहायचे. त्या भिंतीवर आग विझवायच्या लाल नळकांड्याखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. मी डब्यात बोट बुडवून चाटेपर्यंत ते त्या नळकांड्याकडे बघत राहायचे. दादा, इकडे वळा ना, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "तोंडावरनं वळखायचं नको, बाय. तोंडानं सांग."

डब्यात काळा रस असायचा. सोया सॉस, आल्याचा रस, ठेचलेली लसूण, किसलेला गूळ आणि भाजलेल्या तिळाचं तेल. मटणाचे अंगठ्याएवढे जाड काप त्यात रात्रभर मुरायचे आणि रविवारी वडपे गावात त्यांच्या घराच्या गच्चीवर कोळशावर भाजले जायचे. मी जन्मात मटण खाल्लेलं नाही. आमचं घर जुन्या भिवंडीतलं, तीन पिढ्या कारकुनी नाहीतर शिक्षकी करणारी, आणि आईपुढे अंड्याचं नावही काढायची सोय नाही. तरी एका आगरी माणसाच्या मटणाचं मीठ जवळजवळ वर्षभर माझ्या जिभेवर ठरत होतं. हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मीही हसत असे.

आमची ओळख झाली ती फुटलेल्या बाटल्यांमुळे. मी वडप्याच्या गोदामात कागदपत्रं बघायला नुकती लागले होते आणि जनूदादा तिथे लोडिंगचे सुपरवायझर होते. गोदामाचे ट्रक उभे राहतात त्या जागेत पूर्वी त्यांचा भात पिकायचा. जमिनीचे पैसे मिळाले होते, दोन मजली घर झालं होतं, त्यांना नोकरीची गरज नव्हती. का करता, असं विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय करू? हितं निदान माझ्या शेतावं हाय मी."

त्या दिवशी परदेशी सॉसचं एक खोकं वरून पडलं. मी नुकसानीचा कागद करायला गेले, तर हे गृहस्थ उकिडवे बसून फरशीवरचा काळा ओघळ बोटावर घेऊन चाखत होते. काचा आहेत हो, असं मी ओरडले. त्यांनी शांतपणे दुसरं बोट बुडवलं. अशा खोक्यातल्या धड राहिलेल्या बाटल्या विकता येत नसत, सही करून कामगारांनी घरी न्याव्यात असा नियम होता. बाकीच्यांना ते पाणी नको होतं. दादांनी चार बाटल्या घेतल्या आणि एका बाटलीवरचं चित्र मला दाखवलं. मटणाची लादीच्या लादी जाळीवर ठेवलेली आणि वर तीळ. "हे काय लिवलंय ते वाचून दाव," म्हणाले. मी त्यावरचं इंग्रजी, म्हणजे मटणाची कृती, वाचून मराठीत सांगितलं. त्यांनी ते एकदाच ऐकलं आणि पुढे कधी मला विचारलं नाही.

साखरेऐवजी गूळ त्यांचा. मटण मऊ पडावं म्हणून कच्च्या पपईचा चमचाभर कीस, तोही त्यांचा. भाजायची जाळी भंगारात निघालेल्या यंत्रमागाच्या सळ्यांची होती, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतलेली. बोकडाच्या रानाचे, म्हणजे मांडीचे, हाडासकट आडवे काप करून मागितले, तेव्हा मंडईतल्या खाटिकानं सुरा खाली ठेवला म्हणे. "दादा, इतना मोटा? गलेगा नहीं." दादा म्हणाले, "गलाने का मेरे पे छोड, तू काट." हा संवाद ते दोन्ही आवाज काढून सांगायचे, आणि दर वेळी त्यात खाटिकाचं तोंड जरा जास्तच पडायचं.

गोदामातले आम्ही सगळे त्यांच्या गच्चीवर जेवलेलो आहोत. माझ्यासाठी त्याच काळ्या रसात वांग्याचे काप वेगळे मुरवलेले असायचे आणि भाजायला वेगळी छोटी जाळी. मटण विस्तवावर घालण्याआधी ते वरचा रस पुसून काढायचे, कारण गूळ आधी जळतो आणि मटण आत कच्चं राहतं. काप एकदाच उलटायचा. मध्येच कुणी चिमटा लावायला गेलं तर हातावर फटका. "सारखं सारखं काय त्याला हलवतंस? थोरा वेल एकटं ऱ्हाऊ दे." खाली उतरवल्यावर पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. भुकेले हमाल ताटं घेऊन उभे आणि हे घड्याळाकडे बघत कापांच्या राखणीला. मग सगळ्यांना वाढायचे आणि स्वतः सगळ्यात शेवटी, जाळीच्या कडेला करपलेला तुकडा घेऊन, डोळे मिटून खायचे.

मग त्यांच्या जिभेखाली गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले, पाच महिने ते दिसले नाहीत. परत आले तेव्हा मानेची कातडी काळवंडली होती आणि शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. जीव वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले. त्यांनीही एक घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि मला हळूच म्हणाले, "पुठ्ठा लागतो, बाय. समदं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं." चव वर्षभरात परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या कुणी भाजणं सोडलं असतं. त्यांनी जीभ उसनी घ्यायचं ठरवलं, आणि ती माझी. घरात काकी होत्या, मुलगी प्राची होती, मग मीच का, असं मी विचारलं. म्हणाले, "त्यांना माया हाय. काय बी दिलं तरी चांगलं झालंय म्हनतात. तू परकी. तू खरं सांगशील." मासळीचं खारं पाणी असलेली एक बाटलीही त्यांच्याकडे होती, ती ते माझी चव घेऊन झाल्यावर घरी घालायचे. म्हणून माझ्या जिभेला रस किंचित अळणी लागला पाहिजे, असं आमचं ठरलं होतं. आलं कमी, गूळ जास्त, आज जमलं, असं मी भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला सांगायचे आणि ते मान डोलवायचे. खोटं कशाला सांगू, त्या वर्षात मला माझ्या नोकरीचं जेवढं मोल वाटलं नाही तेवढं या कामाचं वाटायचं.

प्राचीचं लग्न शेलार गावच्या एका घरात ठरत आलं होतं. त्या घरची माणसं रविवारी जेवायला यायची होती. दादांच्या आजाराचं त्यांना ठाऊक होतं आणि तेच दादांच्या मनाला लागून राहिलं होतं. "बाप आजारी, पोरीचं लवकर करून टाकू, असं दया करून नेतील. तसं नको मना. माझ्या हातचं खातील आनि मग नेतील." त्यांनी काकींना स्वयंपाकघरातून सुट्टीच दिली होती.

त्या शनिवारी त्यांनी डबा ठेवला, मी चाखलं, आणि म्हटलं, खारट आहे. ते बाटल्या पिशवीत घालूनच आले होते. मागच्या पँट्रीत जाऊन नव्यानं करून आणलं. पुन्हा खारट. आजारानं हातातली ताकद गेली होती, बाटली कलली की जास्तच पडायचं. ते तिसऱ्यांदा आले आणि भिंतीशी उभे राहिले. मला त्यांची मान दिसत होती, ती काळी पडलेली कातडी आणि सैल झालेली कॉलर. मी चाखलं. तोही खारटच होता.

"आता?" ते भिंतीला म्हणाले.

मी म्हटलं, "आता बरोबर."

मला त्यांची कीव आली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं आहेच. पण दाराशी ट्रक लागला होता, ड्रायव्हर कागदांसाठी दोनदा डोकावून गेला होता आणि मला कंटाळाही आला होता. हेही तेवढंच खरं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी जेवण कसं झालं ते विचारलं. "झालं," एवढं म्हणून ते लोडिंगवर गेले. पुढच्या शनिवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बोलणं बंद झालं नव्हतं. गाडी नंबर, पावती, शिफ्ट, सगळं ते नेहमीसारखं बोलायचे, जाताना हातही करायचे. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत राहिले आणि त्यात सहा महिने गेले. लग्न मात्र झालं. मांडवात जेवण केटररचं होतं, आणि जनूदादा दाराशी खुर्चीत बसून येणाऱ्याला नमस्कार करत होते.

गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी मुंबईला थांबवून घेतलं नाही. मी वडप्याला घरी गेले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि प्राची माहेरी आलेली होती. तिच्यासमोरच मी सांगून टाकलं, की दादा, तो रस खारट होता, मी खोटं बोलले.

दादांना बोलायचा त्रास होत होता. मग त्यांनी त्या रविवारचं सांगितलं. पाहुण्यांनी एकेक घास घेतला, भाताखाली लपवला, पाण्याचे तांबे मागवले. काय झालंय ते दादांना कळेना, कारण त्यांना स्वतःला त्यातलं काही लागतच नव्हतं. शेवटी होणाऱ्या विहीणबाई मायेनं म्हणाल्या, की आजारी माणसानं एवढं केलं, हेच खूप.

"मना ठावं व्हतं तू खोटं बोललीस," दादा म्हणाले. "तू येऊन सांगशील म्हनून वाट बघत व्हतो."

मी म्हटलं, तीनदा तुम्हाला परत पाठवायचा जीव झाला नाही हो.

"खारट हाय म्हनाली असतीस तर चौथ्यांदा केलं असतं, बाय. मना काय घाई व्हती?"

ते हे रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरोखरच मला समजावून सांगायचं होतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. प्राची खिडकीशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती चहाचे कप उचलून आत गेली. त्यानंतर नवव्या दिवशी दादा गेले.

सुतक सुटल्यावर त्यांच्याकडे घरात पहिल्यांदा मटण शिजतं. त्या दिवशी प्राचीनं मला सकाळीच बोलावून घेतलं. दुपारी शेलारची माणसं यायची होती, सासूबाईसुद्धा. बाबांच्या हातचं खरं कसं लागायचं ते त्यांना एकदा कळलं पाहिजे, असं ती फोनवर म्हणाली होती. काकी ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. प्राचीनं वडिलांचाच डबा माझ्यापुढे धरला आणि तिथंच, माझ्यासमोर उभी राहिली.

मी बोट बुडवलं. आलं तेवढंच, गूळ तेवढाच, आणि मीठ किंचित अळणी, मासळीच्या पाण्याला जागा ठेवून. तंतोतंत दादांचा रस होता.

"बरोबर झालंय," मी म्हटलं. "अगदी दादांसारखं."

प्राची माझ्याकडे बघत राहिली.

"खरं सांगताय ना, ताई?"

खरंच सांगतेय, मी म्हटलं. तिनं डबा माझ्या हातून काढून घेतला, स्वतःचं बोट बुडवून चाखलं, पुन्हा एकदा चाखलं, आईला चाखायला दिलं, आणि मगच मटणाला हात लावला.