अलीम शर्यत बघायला गेला

पाथर्डीच्या स्टँडवर अलीमची काळीपिवळी जीप नंबराला लागलेली असली, की ज्यांना खरोखर कुठे पोचायचं असतं ते मुकाट्यानं एसटीची वाट बघत उभे राहतात. मी मात्र बावीस वर्षं त्याच जीपनं शाळेत गेलो. माझी शाळा नगरच्या वाटेवर तिसगावला. अलीम माझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवायचा, आणि मास्तराच्या जातीला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळतो? त्या मानापायी मी रोज उशिरा पोचलो. पोरं माझ्याविना प्रार्थना म्हणून, पाढे उरकून बसलेली असायची. हेडमास्तर कारण विचारायचे नाहीत. जीप कोणाची, एवढंच विचारायचे.

जीप भरल्याशिवाय स्टँडवरून हलायची नाही, हा नियम सगळ्यांचाच. पण भरल्यावर तरी पळवावी की नाही! चाळिसाच्या पुढे काटा गेलेला मी कधी बघितला नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात. संसार लादलेला, मागं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हॉर्न देऊन आमच्या पुढे गेलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. ट्रॉलीवरच्या बायांनी आम्हाला हात हलवून निरोपसुद्धा दिला. मी चिडायचो. "अलीम, अरे लवकर घे की जरा," असं म्हणायचो. तो आरशात बघून म्हणायचा, "पोचू की गुरुजी. सावकाश." लवकर हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघालाच नाही. प्यासिंजरला चढ म्हणतानासुद्धा "सावकाश चढा" म्हणायचा, आणि लोकही मग तसेच चढायचे.

आता याला कारण होतं, ते मला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ उझैर, तोही जीपवालाच, करंजीच्या घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गेला. त्या दिवसापासून अलीमनं कोणाला मागं टाकलं नाही. उलट मागून कोणी घाईनं आलं, की हा खिडकीतून हात बाहेर काढून पंजा खालीवर हलवायचा, हळू, हळू. ट्रकवाले, लग्नाच्या गाड्या, दुधाचे टेम्पो, कोणीही त्या हाताला भीक घातली नाही. पोरं तर त्यालाच टाटा समजून उलट टाटा करून जायची. तरी याचा हात काही थांबला नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी अरफा जन्माला आली! चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली. पुढे नगरला मेकॅनिकल इंजिनियर झाली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, चेन्नईला मोटारसायकलींच्या शर्यती होतात तिथं मला नोकरी देतायत. शर्यत हा शब्द ऐकला आणि अलीमनं कान मिटून घेतले. पुढचं काम काय, पगार काय, राहायची सोय काय, काही विचारलं नाही. नाही म्हणजे नाही. बायको गौहर बोलून दमली. पोरगी आठ दिवस भरल्या ताटावरून उठून जात राहिली तेव्हा गौहरभाभी माझ्याकडे आल्या.

मी गेलो. अरफा हट्टाला पेटलेली नव्हती, हे तिचं मला फार आवडलं. जगातली मोठी मोटारसायकलींची शर्यत त्या वर्षी दिल्लीजवळ नोएडाला होती, तिथं तीन दिवस तिला काम मिळालं होतं. अब्बूंनी एकदा येऊन डोळ्यांनी बघावं, मग नाही म्हणावं, त्यानंतर मी विषय काढणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. अलीमनं बराच वेळ दाढी खाजवली. शेवटी म्हणाला, "गुरुजी येत असतील तर जाऊ. पर माझं उत्तर तेच हाय."

म्हणजे पोरीची नोकरी आता माझ्या दुखऱ्या गुडघ्यांवर येऊन ठेपली. निघालो.

रेल्वे त्याला पसंत पडली. उशिरा चालते आणि तिला कोणी ओव्हरटेक करत नाही. नोएडाला मात्र पहिल्याच फटक्याला त्याचं डोकं फिरलं. फाटकापासून बसायच्या जागेपर्यंत फुकट बस होती. आम्ही चढलो, मागं आणखी चारसहा जण चढले आणि बस सुटली. अर्धी रिकामी! अलीम उठून उभा राहिला. ड्रायव्हरला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगायला लागला, की अरे बाबा, अजून वीस सीट बसतील, मागं माणसं येतायत, थांब जरा. ड्रायव्हरनं आरशातून त्याच्याकडे असं बघितलं, की मी खिडकीबाहेरचं गवत बघायला लागलो. गौहरभाभींनी बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फाटकावरच आत नेऊ दिली नव्हती. ते सगळं आम्ही तिथंच उभ्याउभ्या संपवलं होतं म्हणून बरं, नाहीतर तो उपाशीपोटी आणखी भांडला असता.

अरफानं आमची तिकिटं मुद्दाम एका मोठ्या वळणासमोरची काढली होती. तिचं काम काय, हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, गुरुजी, तिथंच कळेल. ऊन असं, की सिमेंटच्या पायरीवर पापड भाजावा. समोर काळाभोर रस्ता, त्याच्या पलीकडे कठडा आणि कठड्यामागं नारिंगी कपड्यातली चारपाच माणसं. त्यातलं एक नारिंगी टोपडं आमच्याकडे बघून हात हलवत होतं. अरफा. अलीमनं हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला. रस्त्याच्या एवढ्या जवळ पोरगी उभी, हे त्याला सोसेना. माझं मनगट त्यानं धरलं ते धरलंच.

मग गाड्या निघाल्या. ओळीनं, एकामागं एक, आवाज दणदणीत पण बेतानं, वळणावरून नीट वाकून गेल्या. कोणी कोणाच्या पुढे घुसलं नाही. अलीमचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मनगट सोडून त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली.

"गुरुजी, नंबरानं चालल्यात की! आपल्या स्टँडवानी."

मी कशाला बोलतोय? त्याला वाटलं हीच शर्यत. शेजारच्या दिल्लीवाल्या पोराला त्यानं कौतुकानं सांगितलंसुद्धा, की गाड्या फार शिस्तीनं चालवतात. ते पोरगं हसून म्हणालं, अंकल, ये तो बस चक्कर लगा रहे हैं, रेस अब शुरू होगी. अलीमचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं.

आणि खरी शर्यत सुरू झाली तेव्हा मी माझा देव आठवला, त्यानं त्याचा. आवाज कानात नाही, छातीत शिरत होता. गाड्या दिसायच्या आतच गेलेल्या असायच्या. एकाच्या बगलेतून दुसरा, त्याच्या पोटातून तिसरा. दर ओव्हरटेकला अलीमचा उजवा पाय सिमेंटच्या पायरीवर ब्रेक दाबत होता. दोनचार फेऱ्यांनी त्यानं डोळेच मिटले. मला वाटलं, संपलं. पोरीची चेन्नई गेली.

तेवढ्यात लोक ओरडत उभे राहिले. आमच्याच वळणावर एक गाडी घसरली, ठिणग्या उडवत खडीत गेली. तिच्यावरचा माणूस दोन कोलांट्या खाऊन पडला, रस्त्याच्या कडेलाच. अलीमनं डोळे उघडले. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. तो उझैरला बघत होता, हे मला न सांगता कळलं. मागून सगळा घोळका पूर्ण वेगात त्याच वळणावर येत होता.

कठड्याजवळ नारिंगी टोपडं पुढं झालं. अरफाच्या हातात पिवळा झेंडा होता. सगळी ताकद लावून ती तो हलवायला लागली.

आणि गाड्या हळू झाल्या. पहिली झाली, दुसरी झाली, मागच्या सगळ्या झाल्या. जगातली पळवायच्या कामात नाव काढलेली माणसं ती, पण आपापल्या जागी ओळीत राहिली, एकानंही दुसऱ्याला मागं टाकलं नाही. पडलेल्या माणसाला नारिंगी कपड्यातल्यांनी उचलून आत घेतलं. तो आपल्या पायांनी चालत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग झेंडा खाली आला.

मी अलीमकडे बघितलं. त्याचा हात पुढे आला होता, पंजा खाली, आणि झेंड्याच्या तालावर तो हळूहळू खालीवर होत होता. आपला हात हलतोय हे त्याला माहीतच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही भान नव्हतं. मीही रुमाल काढून डोळे पुसले, ऊन फार होतं असं मी म्हणणार नाही.

शर्यत कोणी जिंकली, आम्हाला विचारू नका. आम्ही दोघं शेवटपर्यंत झेंडाच बघत बसलो.

गर्दी ओसरल्यावर अरफा बाहेर आली. तोंड उन्हानं करपलेलं, ओठ सुकलेले. बापासमोर येऊन उभी राहिली. अलीमनं तिच्या हाताकडे बघितलं.

"चेन्नईला हेच काम हाय?"

"हेच. आणि नवीन पोरांना हे शिकवायचं."

"आन् समदे ऐकत्यात तुझं?"

"ऐकावंच लागतं अब्बू. न ऐकणाऱ्याला शिक्षा होते."

मी मनात म्हटलं, आता हा दाढी खाजवणार, मग सावकाश म्हणणार, मग आपण घरी जाऊन पुन्हा आठ दिवस विचार करणार. बावीस वर्षांचा अनुभव आहे मला या माणसाचा.

"कवा बोलावलंय त्यांनी?" त्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"एवढा उशीर कशाला?" अलीम म्हणाला. "लवकर जा."