मागं दोघं हायत

"हळू चाला बाई, मागं दोघं हायत." असं म्हणताना अक्काचा हात कमरेच्या गाठीवर जायचा. मी वळून पाहायची. मागं ती एकटीच असायची.

तुम्ही नांदेडला सकाळी नदीकाठी फिरत असाल तर तिला पाहिलं असेल. पूर्वी मालगाडीचे रूळ होते तिथं आता फरशीची वाट केली आहे. जुन्या काळी नावा लागायच्या, कापूस-तूर उतरून डब्यांत चढायची, तो धक्का याच वाटेवर आहे. धक्क्यासमोर तिच्या नवऱ्याची आडत होती. रुळाचा एक तुकडा शोभेसाठी ठेवलाय. तिथं ती थांबायची.

"ह्याच्यावर माझं बोट धरून चालायचा. पडला की रुळालाच मारायचा," म्हणून हसायची. मुलाचं एवढंच सांगायची.

बाकावरचे म्हातारे विचारायचे, अक्का, दुसरं कोण, देव का? ती म्हणायची, तुम्ही बसला असताना देव इकडं कशाला फिरकेल?

मला वाटलं, दोन गुडघ्यांना दोघं म्हणत असेल. तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा तिनं गाठ सोडली. आत चांदीची डबी, डबीत लिंग. त्यांच्या लिंगायतांत ते जन्मभर गळ्यात असतं. माणूस गेलं की त्याला बसवून, लिंग तळव्यावर ठेवून मातीत देतात. जाळत नाहीत.

मुलगा कोरोनात गेला. दवाखान्यात त्याच्या अंगावरचं सगळं काढून तिच्या हाती दिलं. पुन्हा तोंड दिसलं नाही. बाकीच्यांबरोबर त्यालाही जाळलं. राख नदीत गेली. लिंग तिच्याकडं राहिलं.

"त्याला माती न्हाई भेटली. ह्याला तरी भेटावी," ती म्हणाली.

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, नदीत सोडा आणि मोकळ्या व्हा.

ती पाण्याकडं पाठ करून उभी राहिली. "तिनं त्याला नेलं. आता हेबी देऊ?"

थोडं चालल्यावर म्हणाली, "मी जाईन तवा ह्याला माझ्यासंगं द्या."

मी म्हटलं, मी तुमच्याहून थोरली, आधी मीच जाणार.

"न्हाई जात. लई चिवट हाडं हायत तुमची."

तिचंच खरं झालं. उन्हाळ्यात ती गेली. उदगीरहून लेक आली. अक्काला खड्ड्यात बसवलं. स्वामींनी तिचं लिंग डाव्या तळव्यावर ठेवलं. मी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं भावाची डबी पुढं केली.

स्वामी म्हणाले, "एका माणसासंगं एकच लिंग जातं. असं कुठं करत न्हाईत."

लेकीनं हात मागं घेतला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काही त्यांच्यातली नाही. तरी बोलले.

"उजवा हात रिकामाच हाय की."

स्वामींनी त्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी उजव्या तळव्यावर विभूती घातली, वर लिंग ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

आता मी एकटीच फिरते. मागून कुणी हाक मारत नाही. भरभर चालता येतं.

मी हळूच चालते.