कुंकवाने माखलेली कॅसेट

माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आईनं कुंकू भरून ठेवलं होतं. मुद्दाम नाही, भक्तीनं! आम्ही खानदेशी लोक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतो. वडील गेल्यापासून आई घागरीशेजारी पाटावर त्यांच्या फोटोऐवजी ही कॅसेट मांडायची. "फोटोमा त्या बोलतस का?" म्हणे. मग हळद, कुंकू, अक्षता, वरून पाण्याचा शिंतोडा. यंदा कॅसेट हातात घेतली तर तिच्या पारदर्शक खिडकीच्या आतून लाल. माझं डोकंच फिरलं. "अगं, देव आहे का तो? मशीनमध्ये घालायची वस्तू आहे!"

पण तिला एकदा वडिलांचा आवाज ऐकायचा होता. आमच्या हाती व्हिडिओवाले मोबाईल येण्याआधीच ते गेले. लग्नानंतर भाड्याच्या व्हीसीआरवर सगळ्या गल्लीनं कलकलाट करत ही कॅसेट पाहिली होती, त्यानंतर कुणी लावलीच नाही.

भाऊ आमच्या या गुजराती शहराच्या कडेला, इच्छापोरला कंत्राटात कामाला आहे. त्यानं नवागामहून कुणाचा तरी धूळ खाल्लेला व्हीसीआर आणला आणि ऑनलाइन सगळ्यात स्वस्त ती बोटाएवढी पिन मागवली, कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. "ताई, लाव आपली कॅसेट." मी म्हटलं, खबरदार! आधी नणंदेच्या साखरपुड्याची लावू. तिनं स्वतःच माळ्यावर टाकलेली होती, गेली तर गेली. मशीननं तिची पट्टी शेवयांसारखी बाहेर ओढली. उरलीसुरली चालली, तर पिनमधून आवाजाच्या जागी नुसती घरघर. भाऊ म्हणतो, "चित्र तर आलं ना?" अरे, चित्राला काय चाटू?

मग डिंडोलीतला स्टुडिओवाला. "बेन, मूकी जाओ ने, थई जशे." ठेवून जा, होईल म्हणे. कोणत्या मशीनवर करणार, विचारलं तर हसला. "मशीन तो मशीन होता है." अंगठ्यानं वरचं कुंकू पुसलं आणि कॅसेट तशीच आत ढकलायला निघाला. मी त्याच्या हातातून हिसकावली. चार गिऱ्हाईकं बघत होती, बघू देत.

शेवटी मीच सगळी दुकानं पालथी घातली. नणंदेची कॅसेट पिशवीत, आणि माझी एकच अट: ही पट्टी न चावता चालव, आवाज स्वच्छ ऐकव, मग बोल. बरेच जण वैतागले. एका दुरुस्तीवाल्याकडचा जुना व्हीसीआर पास झाला, त्याच्यासोबत जरा बरा कन्व्हर्टर घेतला. घरी आमच्या कॅसेटचे स्क्रू काढले, मऊ ब्रशनं पट्टीच्या कडांवरचं कुंकू झाडलं आणि नणंदेची पट्टी काढून तिच्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात आमची दोन्ही रिळं बसवली. तोंड चालूच होतं.

कॅसेट लागली. आई पदर सावरून टीव्हीसमोर बसली, जणू पाहुणे येणार होते.

पाठवणी आली. वडील दिसले, टोपी तिरकी, डोळे लाल. ह्यांचा हात धरून काहीतरी सांगत होते. आणि आवाज? सिनेमातलं गाणं! त्या मेल्या शूटिंगवाल्यानं मांडवापासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर गाणी चढवली होती. एक शब्द सोडला नव्हता. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले, त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"उगी ऱ्हाय," आई म्हणाली. "गानं बंद कर."

मी आवाज बंद केला. पडद्यावर वडिलांचे ओठ हलत होते. आई त्यांच्याकडे बघत, त्यांच्याच ठसक्यात म्हणाली, "पोर रागीट शे, पन मनमा काही ठेवस नही. सांभाळी ल्या."

"तुला कसं कळलं?"

"मी त्यास्ना जोडेच उभी व्हतू ना."

मी मागे जाऊन पुन्हा लावलं. पुन्हा ओठ हलले, आईनं पुन्हा तेच म्हटलं. वडिलांचा माझ्याबद्दलचा अंदाज चुकला. माझा बाप माझ्यासाठी विनवत होता आणि त्यावर कुणीतरी गाणं टाकलं, हे मी मनात ठेवलंय.