साखरपाण्याचा खडू

घाऊक बाजाराच्या फाटकापाशी एक लांबलचक काळा फळा होता आणि त्यावर एकवीस वर्षं एकाच बाईचं अक्षर होतं. कागदोपत्री ती भाव नोंदणी सहायक, पण अख्खा बाजार तिला खडूमावशी म्हणायचा. कांदा, बटाटा, डाळ, तेल, डिझेल, कोळसा, जे म्हणून पोत्यानं नाहीतर डब्यानं विकलं जाई त्याचा आजचा भाव मोठ्या आकड्यात आणि शेजारी कालचा बारीक. कालचा आकडा काढून टाका, फळा गिचमिड दिसतो, असं बाजार समितीच्या तीन सेक्रेटरींनी तिला सांगून पाहिलं. तिघेही बदलून गेले, कालचा आकडा तिथंच राहिला.

तिची रीतही तिचीच. विकणाऱ्याला ती भाव विचारतच नसे. माल घेऊन फाटकाबाहेर पडणाऱ्या पाच जणांना अडवायचं, काय भावानं घेतलं ते विचारायचं, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सांगणारा सोडून द्यायचा आणि उरलेल्या तिघांतला मधला आकडा लिहायचा. सकाळी नऊला एकदा, दुपारी दोनला एकदा. वस्तूंची नावं मात्र ती साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या खडूनं लिहायची. तो खडू एकदा वाळला की हात घासून पुसला जात नाही. आकड्यांना साधा खडू, कारण आकडे रोज बदलायचे.

एकदाच तिच्या हातून घोळ झाला होता. नऊ वर्षांपूर्वी बटाट्याच्या पोत्याला आठशे नव्वदच्या जागी नऊशे ऐंशी लिहून ती चहाला गेली. दुपारी दोनला पाच जणांना विचारलं, तर पाचही जण म्हणाले, नऊशे ऐंशी. फळ्यावर आहे म्हणून विकणाऱ्यांनी मागितले, फळ्यावर आहे म्हणून घेणाऱ्यांनी दिले. तिची चूक दुपारपर्यंत खरी होऊन बसली होती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. फळा नुसता भाव सांगत नाही, भाव ठरवतोही, हे तिला तेव्हा कळलं आणि ती त्या फळ्याला थोडी घाबरूनच राहू लागली. माणसांना मात्र ती कधीच घाबरली नाही.

डिझेल लिटरमागे सहानं वाढलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळीच नव्या सेक्रेटरीनं तिला ऑफिसात बोलावलं. खुर्चीत तेलवाले शेठ बसले होते.

"मावशी, तेलाचा डबा आज एकवीसशे पन्नास लिहा," सेक्रेटरी म्हणाला.

"कालचा एकोणीसशे ऐंशी आहे. आज पाच जणांना विचारलं, तोच आला."

"डिझेल वाढलं ना मावशी," शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले. "गाडीभाडं वाढणार. आम्ही काय घरचं घालायचं?"

मावशीचा नवरा ट्रक चालवायचा. चहा पिता पिता त्यानं सकाळीच बोटांवर हिशेब मांडला होता. तोच तिनं आता शेठपुढे ठेवला. "तुमच्या गाडीला एका फेरीत ऐंशी लिटर लागतं. ऐंशी सक चारशे ऐंशी. गाडीत डबे चारशे. डब्यामागे फार तर सव्वा रुपया वाढला, तुम्ही मागता एकशे सत्तर. आणि गोदामातला माल आठ दिवसांपूर्वी आलाय, जुन्या डिझेलवर. आमच्या ह्यांनीच आणलाय तो."

सेक्रेटरी पुढे झुकला. "मावशी, तुम्हाला खोटं लिहायला कोण सांगतंय? तुम्ही लिहा तर खरं. दुपारी दोनला विचारा पाच जणांना. सगळे एकवीसशे पन्नासच सांगतील."

माणूस खरं बोलत होता. बटाट्याचे नऊशे ऐंशी ती विसरली नव्हती.

"तुमची सून खानावळ चालवते," तो हळूच पुढे म्हणाला. "तेल स्वस्त ठेवण्यात तुमचा काय फायदा आहे, हे न कळायला लोक काय दूधखुळे आहेत?"

मावशी उठली. "लिहिते," एवढंच म्हणाली.

तिनं फळ्यापाशी जाऊन पेल्यातला साखरपाण्याचा खडू उचलला. तेलापुढचा साधा आकडा पुसला आणि त्या जागी हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं, १९८०. मग समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. ऊन चांगलं होतं. आकडा पटकन वाळला.

साडेदहाला लांबून येणारे किरकोळ दुकानदार फाटकात शिरू लागले आणि त्याच वेळी सेक्रेटरी तरातरा बाहेर आला. आधी त्यानं तळहातानं आकडा पुसून पाहिला. मग रुमालानं. रुमाल पांढरा झाला, आकडा जागचा हलला नाही. दुकानदार थांबून बघायला लागले. शेवटी त्यानं शिपायाला बादली आणायला लावली आणि शंभरएक लोकांसमोर फडकं भिजवून स्वतः फळा घासला. आकडा गेला. घाईघाईनं त्यानं खडू घेऊन एकवीसशे पन्नास लिहायला घेतलं, तर ओल्या फळ्यावर खडू घसरायला लागला. दोनाचा आकडा कसाबसा उमटला, एकापाशी खडूच मोडला.

"साहेब, काय लिहिलं होतं तिथं?" मागून कुणीतरी भोळेपणाचा आव आणून विचारलं. एव्हाना ते सगळ्यांनी वाचलेलंच होतं.

"वाळू दे जरा," शिपाई पुटपुटला.

वाळेपर्यंत कोण थांबतंय? दुकानदार आत गेले आणि एकोणीसशे ऐंशीनं डबे मागू लागले. शेठ नाही म्हणाले असते तर गिऱ्हाईक समोरच्या तेलवाल्याकडे गेलं असतं. शेठनी दात ओठ खात डबे मोजून दिले.

दोनला मावशीनं फाटकात पाच जणांना अडवलं. एकोणीसशे ऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी, ऐंशी, पंचाहत्तर. फळा खडखडीत वाळला होता. तिनं पुन्हा साखरपाण्याचा खडू घेतला. खिडकीतून सेक्रेटरी बघत होता, त्याच्याकडे तिनं मुद्दाम पाठ केली नाही. संध्याकाळी तिच्या हातात नोटीस पडली. तिनं नोटिशीच्याच मागच्या बाजूला ते पाच आकडे लिहून कागद परत केला. ती कारवाई म्हणे अजून चालू आहे.

पाचव्या दिवशी शेठची नवी गाडी आली. ह्या खेपेला तेलगिरणीनंच भाव वाढवला होता. नऊला पाच जणांना विचारलं, मधला आकडा आला दोन हजार चाळीस. मावशीनं जुना आकडा ओल्या फडक्यानं पुसला आणि फळा वाळल्यावर नवा साध्या खडूनं लिहिला, शेजारी बारीक एकोणीसशे ऐंशी.

दुपारी दोनच्या सुमाराला खानावळीसाठी दोन डबे घ्यायला सून आली. फळ्याकडे बघून तिचा चेहरा पडला. "आई, साठ वाढले. तुम्हीच लिहिलंत?"

"मीच."

"घरातलं माणूस फळ्यावर असून आपल्याला काय उपयोग?"

मावशीनं हातावरची खडूची पूड झटकली. "तू दुकानातून घेऊन ये जा," ती म्हणाली, "आणि बाहेर पडताना थांब. पाच जणांत आज तुलाही विचारणार आहे."